चार वाजून दहा मिनिटं

स्टेशन आलं म्हणून गाव वसलं, आणि गाव फुगलं म्हणून नगरपालिका आली. पुढे रेल्वेने मार्ग बदलला, रूळसुद्धा उचलून नेले, त्यालाही सात वर्षं झाली. तरी दुपारी चार-दहाला अख्खं गाव बोलता बोलता मिनिटभर गप्प बसायचं. पूर्वी त्या वेळी मेलगाडी धडधडत जायची आणि कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही.

नव्या मुख्याधिकाऱ्यांना रुळांच्या मोकळ्या जागेवर क्वार्टर्स बांधायची होती. ती झाली की दोन वर्षं लांब राहिलेल्या बायको-मुलांना आणता येणार होतं. पण ठरावाला कुणी हात वर करेना.

"अहो, गाडी कुठाय आता?" साहेब करवादले.

"माझ्या सासूबाई तर चार-दहाला भांडणसुद्धा थांबवतात," नगराध्यक्षाबाई म्हणाल्या, "आणि मिनिटाने पुढच्या शब्दापासून सुरू करतात. उगाच का थांबतील? अशा जागेवर घर नको, साहेब."

"ही नुसती सवय आहे! उद्या बरोबर चार-दहाला सगळ्यांनी बोलायचं. काही झालं नाही, तर ठराव मंजूर करायचा."

"चालेल," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घड्याळात चार-दहा झाले. सगळे सदस्य इमानेइतबारे एकदम बोलू लागले आणि साहेबांनी उभं राहून खणखणीत आवाजात ठराव वाचायला घेतला.



सगळ्यांचे ओठ हलत होते. साहेबांना मात्र त्यांचा एक शब्द ऐकू येत नव्हता, आणि स्वतःचाही नाही.