पूर्वजांना हाक

‘जपानी त्यांना कळत नाही,’ असं पाटीवर लिहून उतोने ती पाटी मुलाच्या थेट नाकासमोर धरली.

मोरिनोबु आपल्या घराण्याच्या थडग्यापुढे गुडघे मोडून बसला होता. हात जोडून त्याने नुकती कुठे जपानीत सुरुवात केली होती. कासवाच्या पाठीसारख्या त्या थोरल्या थडग्याच्या ओट्यावर डबे उघडून ठेवले होते. शिजवलेलं डुकराचं मांस, तळलेलं टोफू, समुद्री शेवाळाच्या गाठी, पेल्यांत तांदळाची दारू. वर्षातून एकदा, एप्रिलात, अख्खं घर इथे पूर्वजांच्या पंगतीला येतं. पण आधी त्यांना हाक मारावी लागते. न बोलावता जेवायला बसणारी माणसं नव्हेत ती.

गेली तीस वर्षं ही हाक उतो मारत आली. जानेवारीत तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच.

“मग त्यांच्या बोलीत तू लिहून दे. मी वाचतो,” मोरिनोबु म्हणाला.

उतोने कपाळावर हात मारला. लिहिणार कशी? ओकिनावातल्या तिच्या शाळेत बेटाची बोली शिकवणं दूरच, तोंडातून तिचा एक शब्द निसटला तरी गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे. त्या फळीची दोरी उतोला अशी काचली, की आपल्या पोरांच्या जिभेला ती बोली शिवू द्यायची नाही, असं तिने ठरवूनच टाकलं. शिवली की फटका. मोरिनोबुच्या स्वच्छ जपानीचं तिला केवढं कौतुक! आज ते कौतुक अंगाशी आलं होतं.

“इंग्रजीत सांग रे दादा,” धाकटी त्सुरुको म्हणाली. “ऐंशी वर्षं अमेरिकनांच्या कुंपणाआत पडलेत बिचारे. रोज डोक्यावरून विमानं जातात. एवढ्यात इंग्रजी तरी शिकले असतील!”

सगळे हसले. उतो हसली नाही. थडगं लष्करी तळाच्या आत, आत यायचा पास बारापर्यंतचा, आणि सव्वाअकरा होऊन गेलेले. सासूसासरे, नवरा, लढाईत गेलेले दोन दीर, सगळे आत ताटकळत असतील. समोर अन्न, आणि ‘या’ म्हणणारं कोणी नाही. यंदा नाही, आणि आपण गेल्यावर तर कधीच नाही. आपल्याच हाताने आपण त्यांची ताटं ओढून घेतली, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

ते पाहून मोरिनोबु चुळबुळला. बासष्ट वर्षांचा, निवृत्त बस ड्रायव्हर, पण आईचे डोळे भरले की त्याला अजून काही सुचायचं नाही.

“आई, मला ती बोली येते ती फक्त तुझ्या शिव्यांपुरती. भडकलीस की तुझ्या तोंडून जपानी निघायचंच नाही.”

उतोने पाटी पुसली आणि लिहिलं, ‘मग त्याच दे.’

मोरिनोबुने घसा खाकरला. डोळे मिटले. आणि एकाएकी त्याच्या तोंडून बेटाची बोली धो धो सुटली.

“कुठं उलथला हुता रं समदी? हाका मारून मारून नरडं सुकलं माझं! हात धुतलं का? न्हाई धुतलं, दिसतंय मला. बसा गुमान! थंड झाल्यावर गिळणार हाय का? आन् ताटात काय ऱ्हायलं, तर पाठ सोलून काढीन एकेकाची!”

त्सुरुकोची हसून हसून पुरेवाट झाली. “अरे, आजोबांना ‘गिळणार का’ म्हणालास तू!”

“काय करू? तेवढंच येतं.”

उतोचे खांदे बिनआवाजाच्या हसण्याने गदागदा हलत होते. शब्द तिचे, ठेका तिचा, धमकी देण्याआधी घेतलेला दमसुद्धा तिचाच. हसता हसता तिने हाताने खूण केली, आता शेवट कर. शेवटी चार गोड शब्द बोलायचे असतात. शिव्या घालून कोणी पंगत मांडत नाही.

“गोड कुठून आणणार तो?” त्सुरुको म्हणाली. “आई त्या बोलीत आमच्याशी गोड कधी बोललीय?”

उतोने मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात?

वरून एक विमान गेलं. त्याचा आवाज विरेपर्यंत मोरिनोबु थांबला. मग पुढे वाकून त्याने थडग्याच्या दगडावर तळवा टेकला आणि अगदी हळू म्हणाला,

“भिऊ नगंस, माझ्या सोन्या. मी हाय न्हवं हितं. कुटं बी जात न्हाई मी. तुझ्या उशाशीच बसलीया.”

आता कोणीच हसलं नाही.

उतो त्याच्या पाठीकडे बघत राहिली. हे तिने कोणाला शिकवलं नव्हतं. पोराला ताप आला की दार लावून, तो गाढ झोपलाय ना, हे दोनदा बघून, मगच ती हे बोलायची. ऐकायला कोणी नसायचं, म्हणून तर बोलायची.

“मी झोपलेला नसायचो, आई,” मागे न वळता मोरिनोबु म्हणाला.

उतो गुडघ्यांवर सरकत पुढे आली. सगळ्यांदेखत तिने त्या म्हाताऱ्या घोड्याचा कान धरला, आणि बराच वेळ सोडलाच नाही.