नववा चौकोन

फिजीतल्या लौटोकात, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मेरेवालेसी पेन ड्राइव्ह घेऊन आली. पीडीएफमध्ये आठ वेळच्या माराचे आठ फोटो होते, पानाला एक: फुटलेला ओठ, मोडलेलं मनगट, कानामागचे टाके. दर वेळी नवरा इथल्या रिवाजाप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला येतो, तिचा बाप तो दोन्ही हातांनी घेतो, म्हणजे माफ करतो, आणि पोरीला परत त्याच्याकडे धाडतो.

"मामा, झग्यात लपवून कोर्टात न्यायचंय. सगळं एकाच कागदावर बसवा."

"मशीन एकावर सहा नाहीतर नऊच चौकोन पाडतं, नववा रिकामा राहील," मी वैतागलो. "चार-चारचे दोन कागद काढतो, नीट दिसतील तरी."

"नको. नववा असू दे."

"का?"

"आज सकाळीच बाबांनी दात घेतलाय."