निरोगी बाईचं रक्त

"बायकोला जेवायला घालतोस की नाही रे?" वॉर्डात वैद्यकीच्या बाकीच्या विद्यार्थ्यांसमोर धोंडू कोळ्यावर रघुवीर ओरडला. खाटेवरच्या सोनूबाईच्या पापणीच्या आत लाली नावालाही नव्हती. "मासळीची पाटी तिच्या डोक्यावर आणि उरलंसुरलं तिच्या पानात. लाज नाही वाटत?"

धोंडूने सोनूबाईच्या पायांवरची चादर सारखी केली.

डॉक्टर विजयकरांनी सोनूबाईचं फिकं रक्त दाखवून पांडुरोग शिकवला. मग ताडून पाहायला रघुवीरला घरच्या एखाद्या निरोगी बाईचं रक्त आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गिरगावात रघुवीरच्या घरातले नऊ पुरुष जेवून उठले. रघुवीरने हात धुतले, भाताचं पातेलं खरवडत बसलेल्या बायकोला, कालिंदीला हाक मारली आणि तिच्या बोटाला सुई टोचून थेंब काचेवर घेतला.

वॉर्डात डॉक्टर पगडी बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि भडकले. "निरोगी बाईचं मागितलं होतं. या सोनूबाईचंच काय पुन्हा काढून आणलंत? घरापर्यंत जायचा कंटाळा केलात?"

धोंडू खाटेपाशीच उभा होता.

"चुकलं सर," रघुवीर म्हणाला, "तिचंच आहे."