फिट्टंफाट
हिमानी पेनसिल्व्हेनियात वाढली, लग्नानंतर नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आली, तरी अमेरिकेतलं मत टपालाने न चुकता द्यायची. ती डेमोक्रॅट, तिकडे राहणारे बाबा कट्टर रिपब्लिकन. दर निवडणुकीला ती नारिंगी टपालपेटीत मतपत्रिकेचं पाकीट टाकताना फोटो काढून बाबांना पाठवायची आणि लगेच त्यांचा फोन यायचा. "टाकलंस? मंगळवारी मतदानाला जातो आणि तुझं मत खोडून येतो. फिट्टंफाट!" दोघंही पोट धरून हसायची. बाबा मार्चमध्ये गेले. नोव्हेंबरच्या निवडणुकीची मतपत्रिका आली. नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "या वेळी तरी तुझं मत वाया जाणार नाही गं." ती सायकलने टपालपेटीपाशी गेली, पाकीट आत सोडलं, सवयीने फोटो काढून बाबांच्या नंबरवर पाठवलाही. फोन हातात धरून तिथेच उभी राहिली. तिचं मत खोडायला कुणीतरी निघायला हवं होतं.