नवा स्पिंडल, जुना आवाज

गॅरेजमधल्या लाकूड कोरायच्या मशीनला तिच्या नवऱ्याने कोरायचं पातं गरगर फिरवणारा नवा स्पिंडल बसवला, नवा कंट्रोलरही जोडला. का, तर जुन्याचं किंचाळणं घरभर ऐकू जायचं आणि नवा म्हणे फ्रिजएवढासुद्धा आवाज करत नाही. तरी रोज संध्याकाळी गॅरेजचं दार लागलं की तेच जुनं किंचाळणं सुरू.

"नवा बसवलाच नसेल," ती स्वयंपाकघरातून धाकट्या बहिणीला फोनवर म्हणाली. "नक्की कुठेतरी पाणी मुरतंय."

"ताई, भावजी दिसतात तेवढे भोळे नाहीत. आत्ताच्या आत्ता जाऊन बघ. मी फोन ठेवत नाही."

फोन ओट्यावर ठेवून ती गेली आणि तिने गॅरेजचं दार ढकललं. नवा स्पिंडल मुकाट्याने दारावरची पाटी कोरत होता. किंचाळत होता तो फळीवरचा स्पीकर. जुना काढायच्या आधी नवऱ्याने त्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता.

"हे काय चाललंय?"

"अगं, पहिल्या दिवशी आवाज नव्हता, तर बल्ब बदलण्यापासून बरणीचं झाकण उघडण्यापर्यंत सगळ्याला मलाच हाका," तो खालमानेने म्हणाला. "आवाज असला की कुणी हाक मारत नाही."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं, स्पीकर आणखी मोठा केला आणि बाहेर येऊन दार नीट लावून घेतलं.



"हं, बोल आता बिनधास्त," तिने ओट्यावरचा फोन उचलला, "मशीन चालू आहे, ह्यांना काही ऐकू जात नाही."