वाकडं धुराडं

“कुण्या गाढवानं बांधलंय ओ हे?”

भागवत गवंड्याने मान मागे टाकून स्वयंपाकघरावरचं धुराडं बघितलं आणि तोंडातून पहिलं वाक्य हेच काढलं. ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या कारभारी आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते गाढव म्हणजे आबाच होते.

पण हे बोलायची सोय नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी छबूबाई नवी नवरी होऊन या घरात आली. चुलीच्या धुराने तिचे डोळे लालभडक व्हायचे. पदराने पुसायची, पण कधी ब्र काढायची नाही. आबांचा जीव तुटायचा. पहिल्या आखाडात ती रीतीप्रमाणे माहेरी गेली, आणि इकडे आबांनी विटा आणल्या, चुना मळला, जन्मात थापी न धरलेल्या हातांनी धुराडं उभं केलं. थोडं कललं. थोडं कसलं, चांगलंच कललं! पण धूर वर जायला लागला. आई तेवढी खाली उभी राहून सगळं बघत होती. ती म्हणाली, “बायकूला कळू दिऊ नगंस हां. डोक्यावर बसंल.”

आबा आईच्या शब्दाबाहेर नव्हते. छबूबाई परत आली तेव्हा त्यांनी ठोकून दिलं, कर्जतहून गवंडी आणला होता म्हणून. चुन्याने हाताची सालटी निघाली होती, त्याचं काय? तर म्हणे, गुऱ्हाळात तापल्या काहिलीला हात लागला. तिने निमूट ऐकून घेतलं आणि आठ दिवस आपल्या हाताने त्यांना घास भरवले. आई जाऊन आता वीस वर्षं झाली होती. आबांनी तोंड अजून उघडलं नव्हतं.

यंदाच्या पावसात दोन विटा निखळून पत्र्यावर पडल्या. मुलगा कल्याण हा शिर्डीला हॉटेलात नोकरीला. तो फोनवर म्हणाला, “आई, तीन गवंड्यांकडून कोटेशन घे. स्वस्त पडेल त्याला सांग, पाडून टाक म्हणावं ते एकदाचं.” आबांना ते पाडायचं नव्हतं. पाडू नका म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. कोटेशनचं सगळं छबूबाई बघत होती. आबा नुसते शेंगा फोडत होते.

“पाडून पत्र्याचा पाइप बसवतो,” भागवत म्हणाला. “अठरा हजारात मोकळं.”

“कळवते,” छबूबाई म्हणाली आणि आत गेली. चहाचं नावसुद्धा काढलं नाही. दारात आलेल्या माणसाला चहा न पाजता लावून देणारी ही बाई नव्हे. आबांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाल्मिक गवंडी आला. त्याने आधी हसून घेतलं, मग मोबाईलवर फोटो काढला. “मावशे, बांधनारा पिऊन चढला हुता का काय वर?” त्याचा भाव पंधरा हजार. छबूबाईने तिथल्या तिथे त्याला फोटो पुसायला लावला आणि वाटाण्याच्या अक्षता दिल्या. आता मात्र आबा चक्रावले. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजारात दोन रुपयांवरून हुज्जत घालणारी बाई, आणि एवढा स्वस्त माणूस हाकलला? पण मनातून त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

तिसरा कानिफनाथ. साठीच्या पुढचा, कमी बोलणारा. त्याने शिडी लावली, वर गेला, विटांवरून हात फिरवत बसला. बराच वेळ बसला. उतरला तेव्हा म्हणाला, “मावशी, हे गवंड्याचं काम न्हाई.”

झालं! आबांनी डोळे मिटून घेतले.

“सांध्यांना थापी लागलेलीच न्हाई. सगळा चुना बोटांनी भरलाय, ठसे अजून दिसत्यात. घरच्याच कुनीतरी लई जीव लावून बांधलंय हे. खालून दनकट हाय. वरचे चार थर काढून परत लावतो, आन् सरळ बी करून देतो.”

“किती घ्याल?”

“बावीस हजार.”

आबांनी धसकून बायकोकडे बघितलं. तिघांत हाच महाग.

“दिले,” छबूबाई म्हणाली. “पन सरळ करायचं न्हाई. हाय तसंच वाकडं ठिवायचं. आन् त्या बोटांच्या ठशांवर गिलावा मारायचा न्हाई. बसा, चहा टाकते.”

कानिफनाथ चहा पिऊन गेला. ओसरीवर दोघंच उरली. आबांनी एक शेंग उचलली, पण फोडली नाही.

“तुला ठावं हुतं?”

“अवं, आखाडात कुठं गुऱ्हाळ पेटतं व्हय?” छबूबाईला हसू आवरेना. “खोटं तरी नीट बोलायचं मानसानं! मी तवाच गेले सासूबाईंकडं. त्यांनी सगळं सांगितलं.”

आबांचे डोळे भरून आले, आणि ते धुरावर ढकलायचीही सोय नव्हती.

“मंग अठ्ठेचाळीस वर्सं येका शबदानं बोलली का न्हाईस?”

छबूबाईने त्यांच्या हातातली शेंग काढून घेतली, फोडली आणि दाणे त्यांच्या तोंडात घातले.

“सासूबाईंनीच बजावलं हुतं,” ती म्हणाली. “म्हनल्या, त्याला कळू दिऊ नगंस हां. डोक्यावर बसंल.”