माहेरचे जंतू

लग्नात उत्पलाने नाव बदललं नाही, ते सासूबाईंनी चालवून घेतलं. पण प्रत्येक सुनेने घ्यायची घराण्याच्या पोटातल्या उपयुक्त जंतूंची गोळी तिला घ्यावीच लागली.

"आमचे जंतू रुजले ना?" सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"नाही. हिच्या आतड्यातल्या प्रतिपिंडांनी माहेरचेच जंतू धरून ठेवलेत. तुमचे हाकलून लावले. आता औषधाने ती प्रतिपिंडं दाबावी लागतील."

"मग दाबा!"

"मी दाबू देणार नाही, आई," उत्पला म्हणाली.

"मग माझ्या घरात राहायचं नाही."

"बरं. डॉक्टर, निनादचीही तपासणी झालीय ना? तिचा निकालही सांगा की."

शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे बघून डॉक्टरांनी हसू आवरलं. "याच्या पोटात उत्पलाच्या माहेरचे जंतू रुजलेत. याच्या प्रतिपिंडांनी त्यांना छान सांभाळलंय."

उत्पला उठली. "चल रे निनाद, आपल्या माहेरी जाऊ."